एक लेखाशीर्ष धर

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

सीए झालास, मुंबईत कंपन्यांचे ताळेबंद तपासलेस, आणि आता नागपूरला परत येऊन राजकारणात उतरायचं म्हणतोस. तेही विरोधी पक्षात. तुझ्या आईला धास्ती वाटते, ते साहजिक आहे. मला मात्र मनापासून आनंद झाला. सभागृहात घसा फोडून बोलणारे पुष्कळ असतात, खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांचं पुस्तक उघडून पान न् पान वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॉलेजात सार्वजनिक वित्त शिकवताना आणि पुढे हिवाळी अधिवेशनात विरोधी बाकांवरच्या आमदारांना टिपणं काढून देताना हे मी जवळून पाहिलं आहे. त्या आमदारांचे पक्ष बदलत गेले, अडचण तीच राहिली.

म्हणून तुला एकच गोष्ट सांगायची आहे. एक लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं एका प्रकारच्या खर्चाचं खातं, धर आणि दहा वर्षं सोडू नकोस.

विरोधकाच्या हातात सही नसते. फाइल त्याच्या टेबलावर येत नाही, निधी त्याच्या शब्दावर सुटत नाही. त्याच्याकडे असतो फक्त प्रश्न, आणि प्रश्नाला वजन येतं ते सातत्याने. आज सिंचन, उद्या शिष्यवृत्ती, परवा रस्ते असं फिरत राहिलास तर प्रत्येक खात्याचे अधिकारी तुझ्यापेक्षा जास्तच जाणणार. पण एका लेखाशीर्षाची गेल्या पंधरा वर्षांची तरतूद, खर्च आणि न वापरता परत गेलेली रक्कम तुझ्या वहीत असेल, तर उत्तर लिहिणारा कक्ष अधिकारी पेन उचलण्याआधी थांबेल.

गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे बघ. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले. तेव्हा सभासदांना अर्थसंकल्पावर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. म्हणजे भाषण कितीही बिनतोड असलं तरी आकडा एका पैशाने हलणार नव्हता. देश नुकताच भीषण दुष्काळातून बाहेर पडत होता आणि सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मांडून समाधानात होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेतून आलेली नाही. रुपयाचा भाव वर चढवून ठेवल्याने विलायतेला पाठवायच्या रकमेचा बोजा हलका झाला, आणि अडचणीच्या काळात वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. मग त्यांनी मिठावरचा कर धरला आणि तो दरवर्षी मांडला. १९०३ मध्ये तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एकावर. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मतदानाचा हक्क नसलेला माणूस एकच कर इतकी वर्षं लावून धरतो, तेव्हा सरकारला त्याचं उत्तर दरवर्षी नव्याने शोधावं लागतं.

आणखी एक. गोखले स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले, तरी त्यांच्यामागे सोलापूरचे ग. व्यं. जोशी होते. सरकारी शाळेतले मुख्याध्यापक. अहवालांच्या ढिगातून आकडे काढून द्यायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. तुलाही असा एक माणूस लागेल. तो कार्यकर्त्यांच्या गर्दीत शोधू नकोस. निवृत्त लेखाधिकारी, कोषागारातून बाहेर पडलेले कारकून, सिव्हिल लाइन्समध्ये महालेखाकार कार्यालयात आयुष्य घालवलेली माणसं या शहरात भरपूर आहेत. त्यांच्या घरी जा, चहा घे, विचारत राहा.

डॉ. आंबेडकरांचं राजकारण आपण दीक्षाभूमीच्या शहरातली माणसं रोज बोलतो, त्यांचा अर्थशास्त्राचा पाया तेवढा बोलत नाही. कोलंबिया आणि लंडनमध्ये ते सार्वजनिक वित्त आणि चलन शिकले होते. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात नेमले गेले आणि सुरुवातीलाच अर्थसंकल्पावर बोलले. त्यांचा एक मुद्दा मी दरवर्षी वर्गात सांगायचे. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या खाली लागत नाही, मग शेतसारा एक-दोन एकरवाल्याला आणि मोठ्या जमीनदाराला सारख्याच दराने का? बघ, यात एकही अवघड आकडा नाही. दोन करांची रचना शेजारी ठेवली आणि अन्याय उघडा पडला. एवढं शिकलेला माणूस इतकं सोपं बोलतो, कारण त्याला ऐकणारा शेतकरी दिसत असतो. पुढे १९३७ नंतर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विरोधी बाकांवर बसून त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे मधल्या खोताने सारा वसूल करायची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक आणलं. आकड्यांवरून माणसापर्यंत जायची ही वाट तू नीट अभ्यास.

आता नागपूरचं काम. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एक अधिवेशन इथे होतं. या अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च, येतात, आणि तुझी खरी जागा तिथे आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्पाचा गाजावाजा असतो, वर्तमानपत्रं पानं भरतात. पुरवणी मागण्या मात्र गोंधळात, घोषणांत, शेवटच्या दिवसांत हातावेगळ्या होतात. बऱ्याच मागण्या तर गिलोटिनखाली, म्हणजे वेळ संपली म्हणून एकत्र मताला टाकून, चर्चेविना मंजूर होतात. त्या क्षुल्लक नसतात. २०२४ च्या जुलैत मुंबईच्या अधिवेशनात सुमारे ९५ हजार कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, आणि त्या वर्षीचा मूळ अर्थसंकल्प सहा लाख कोटींच्या थोडा वर होता. घटनेच्या २०५ व्या अनुच्छेदाने सरकारला ही सोय दिली आहे, अचानक आलेल्या खर्चासाठी. जो खर्च मार्चमध्येच दिसत होता तो डिसेंबरमध्ये का आला, हे विचारणं विरोधकाचं कर्तव्य आहे.

पुस्तक हातात आलं की असं कर. प्रत्येक मागणीखाली कारण लिहिलेलं असतं, ते आधी वाच. मग त्याच लेखाशीर्षाचं मूळ अंदाजपत्रकातलं पान काढ. तिथे चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सगळे शेवटचा रकाना वाचतात, कारण बातमी तिथे असते. तू पहिला वाच. घोषणेचं काय झालं ते त्या रकान्यात कळतं. त्यानंतर बीम्स या राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर त्या शीर्षाखाली आजवर किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला ते बघ. मूळ तरतुदीतलेच पैसे पडून असताना वर पुरवणी मागितलेली तुला दिसेल. कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचे अहवाल हीच तक्रार करत आले आहेत. नाममात्र रकमेच्या लाक्षणिक मागण्याही ओलांडून जाऊ नकोस. मोठ्या रकमा एका कामावरून दुसऱ्या कामावर वळवायची परवानगी अशा छोट्या मागणीतून घेतली जाते.

कोणतं लेखाशीर्ष धरू, असं विचारशील. मी गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचं म्हणेन. १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च होता ३७२ कोटी. १९८८ मध्ये भूमिपूजन झालं. पुढे हा राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्च १८ हजार कोटींच्या पार गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचं उद्दिष्ट. नागपूर, भंडारा, चंद्रपूर असे तीन जिल्हे. खर्च वाढल्याचं भाषण प्रत्येक जण करतो. तू त्यापुढे जा. धरणावर किती, कालव्यांवर किती, पाटचाऱ्यांवर किती, भूसंपादनावर किती, पुनर्वसनावर किती, हे वर्षनिहाय मांड. मग भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात धरणापाशी जा, आणि तिथून कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जा. कागदावर सिंचनक्षमता निर्माण झाली म्हणजे पाणी बांधावर आलं असं नसतं, आणि या दोहोंतला फरक तिथे उभं राहिल्याशिवाय तुला कळणार नाही. त्या शेतकऱ्याने तीन हंगाम धानाला कुठून पाणी दिलं, डिझेलवर किती पैसे गेले, ते लिहून घे. सभागृहात हजारो कोटींच्या आकड्याशेजारी ती डिझेलची रक्कम वाच.

अनुशेषाचं, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातल्या तुटीचं, राजकारण आपल्याकडे भावनेने खूप झालं. त्याची सुरुवात मात्र मोजणीने झाली होती. दांडेकर समितीने १९८४ मध्ये क्षेत्रवार, विभागवार हिशेब करून राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटींवर काढला आणि त्यातला जवळजवळ ३९ टक्के विदर्भाचा निघाला. आज चाळीस वर्षांनी लोक तो आकडा सांगतात, कारण तो कुणी घोषणेसाठी बनवला नव्हता. विभागांच्या विकासावर लक्ष ठेवणाऱ्या वैधानिक विकास मंडळांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. तेव्हापासून ही मोजणी कुणीतरी सतत करत राहण्याची गरज आणखी वाढली आहे.

तुझ्या पेशातल्या माणसांची एक सवय मला काळजीची वाटते. तुम्ही लोक टक्क्यांत बोलता. राजकोषीय तूट सकल उत्पन्नाच्या किती टक्के, हे तुला झोपेतही सांगता येईल, पण यशवंत स्टेडियमवरून निघालेल्या मोर्चातल्या अंगणवाडी सेविकेला त्याचं काय करायचं? तिचं मानधन किती महिने थकलं, ते कोणत्या शीर्षाखाली येतं, निधी वित्त विभागात अडकला आहे की जिल्हा परिषदेत, एवढं तू तिला सांगू शकलास तर ती तुझं नाव विसरणार नाही. अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. तिथे जाऊन निवेदनं नुसती स्वीकारू नकोस, खाली बसून वाच.

भ्रष्टाचाराच्या आरोपांबाबत सांभाळ. कोणीतरी रात्री पाकीट आणून देईल, झेरॉक्स कागद असतील, आत मोठी नावं असतील. मूळ कागद मिळेपर्यंत, माहिती अधिकारातून खातरजमा होईपर्यंत तोंड उघडू नकोस. सभागृहातल्या बोलण्याला असलेल्या विशेषाधिकाराच्या आडून कुणाच्या अब्रूवर बोट ठेवणं सोपं आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं काम बघ: लोकसभेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी सदस्याला द्यायची परंपरा आहे, आणि ते टिकलं कारण तिथे साक्षीपुरावा चालतो, गर्जना नाही.

पोटापाण्याचंही बोलते, कारण बाकी कुणी बोलणार नाही. प्रॅक्टिस सोडू नकोस. पक्षाच्या मानधनावर किंवा एखाद्या कंत्राटदाराच्या मेहरबानीवर घर चालवणारा विरोधक फार काळ विरोधक राहत नाही. ज्या संस्थांचं ऑडिट करतोस त्यांच्याशी संबंधित विषयावर सभागृहात बोलायची वेळ आली तर आधी हितसंबंध जाहीर कर. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा चाळीस लाखांची आहे. तू सीए आहेस, तुझं खर्चाचं रजिस्टर सगळ्यात स्वच्छ असलं पाहिजे.

आणि एक दिवस तुझा पक्ष सत्तेवर येईल. तेव्हा तुझी वही तुझ्याच मंत्र्यासमोर उघडावी लागेल. चिंतामणराव देशमुख याच मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सेवेतून घडले, वित्त सचिव झाले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. १९५६ मध्ये मुंबईबद्दलचा निर्णय त्यांना पटला नाही आणि त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. तुला राजीनामा द्यायची वेळ यावी असं मला मुळीच वाटत नाही. पण सत्तेत गेल्यावर तेच लेखाशीर्ष, तोच प्रश्न, त्याच स्वरात विचारायची तयारी आतापासून ठेव. पक्षाला ते आधी सांगून टाक.

डिसेंबरच्या आत पवनीला जाऊन ये. गेल्या पाच वर्षांची अंदाजपत्रकं छापून घे, माझ्याकडे जुनी पुस्तकं आहेत, तीही घेऊन जा. रविवारी सकाळी मी घरीच असते.

तुझी,
मॅडम