गुळव्या म्हणजे गूळ विकणारा नव्हे

करवीर तालुक्यात एकाच्या तोंडून ‘आमचा आज्जा नावाजलेला गुळव्या’ असं ऐकलं. गुळव्या म्हणजे गुळाचा व्यापारी का, आणि शेवटच्या ‘व्या’नं शब्द हिणकस होतो का, असं विचारलं आहे.

दोन्ही नाही. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडल्यापासून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, साच्यातून निघेपर्यंत गुऱ्हाळघरात ज्याचा शब्द चालतो तो गुळव्या. ऊस कुणाचाही असो, काहील कधी उतरवायची हे तोच सांगणार.

संस्कृत ‘गुड’चा गूळ झाला. षोडशचं सोळा, तडागाचं तळं, तसाच इथंही ‘ड’चा ‘ळ’. त्याला करणाऱ्याचा ‘व्या’ लागला आणि गुळाचामध्ये होतो तसा ‘ळ’आधीचा ऊकार ऱ्हस्व झाला, म्हणून ‘गूळव्या’ लिहू नये. त्याच घडणीचा त्याचा जोडीदार चुलव्या, चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, वाळलेलं चिपाड सारणारा. माणसाच्या नावाला ‘या’ लावून राम्या म्हटलं की हेटाळणी होते, पण कामावरून पडलेल्या नावाचं तसं नाही. वाटाड्या म्हटल्यानं कुणाचा अपमान होत नाही. वाटाडे तसं अनेकवचन गुळवे. ‘गुळवणी’शी मात्र गल्लत नको. त्यातलं ‘वणी’ म्हणजे पाणी, चिंचवणी-ताकवणीतलं.

शब्दाला वजन आलं ते कामामुळं. रस तापू लागला की ठेचून पाण्यात भिजवलेल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी त्यात सोडतात. मळी त्याला धरून वर येते, ती झाऱ्यानं काढायची. चुन्याची निवळी बेतानंच. कमी पडली तर रसाचा आंबटपणा राहून गूळ नीट बांधत नाही, जास्त झाली तर रंग काळवंडतो. फेस काठाला आला की चमचाभर शेंगतेल.

खरा कस शेवटी. काकवी हवी तर 105-106 अंशांनाच काढून घेतात. रव्याचा गूळ 118 ते 120 अंशांच्या आसपास उतरतो. जुना गुळव्या तापमापक बघत नाही. उकळता पाक थोडा गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो. गोळी मऊ राहून पसरली तर अजून थांबायचं. कडक वळली आणि काहिलीच्या काठावर मारल्यावर टण् वाजली, की उतरवा! चुलव्याला जाळ ओढायला त्याआधीच सांगावं लागतं, कारण चुलवाणाची धग लगेच जात नाही. लवकर उतरवला तर 30 किलोचा रवा चिकट राहून पाघळतो. उशीर झाला तर करपट वास येतो, रंग काळपट पडतो आणि मार्केट यार्डातल्या सौद्यात दर घसरतो. तेही एकाच रव्याचा नव्हे, त्या आदणातल्या, म्हणजे एका वेळी काहिलीत उकळलेल्या रसाच्या, सगळ्यांचा.