डिजिटल बाग (वेबवर ठेवून हळूहळू वाढवत नेलेली आपली टिपणं) सुरू करायची तर कोणतं ॲप घ्यावं, आणि अर्धवट टिपणं लोकांना दाखवावीत का?

खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी लिहायला बसलो. 'अर्धवट लिहिलेलं लोकांसमोर ठेवू नये' हे मी एका जवळच्या मित्राकडून २०२१ मध्ये ऐकलं. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

ॲपचं आधी उरकतो. ऑब्सिडियन घ्या. फायली मार्कडाउनमधल्या, म्हणजे साध्या मजकुराच्या, तुमच्याच डिस्कवर राहतात. उद्या ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. बाहेर दाखवायला क्वार्ट्झ (टिपणांची वेबसाइट बनवतं) आणि गिटहब पेजेस (ती साइट ठेवायची जागा). पैसे लागत नाहीत. फोल्डर आधी पाडून ठेवू नका आणि रंगरूपावर महिने घालवू नका. मी तीन महिने घालवले, तेवढ्या वेळात टिपणं झाली चार.

मला विहिरींचा नाद आहे. साताऱ्याजवळ लिंब गावातली बारामोटेची विहीर बघून आलो, त्या रात्री एक ओळ लिहिली: 'नाव बारा मोटांचं, मग मोटांच्या जागा पंधरा कशा सांगतात?' हाच प्रश्न आधी फेसबुकवर टाकला होता. लाइक आले, दोन दिवसांत तो खाली गेला. डिजिटल साक्षरतेचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी २०१५ मध्ये बाग आणि प्रवाह असा जो फरक सांगितला, तो मला तेव्हा कळला. प्रवाहात सोडलेलं वाहून जातं, बागेत आपण परत परत येतो. म्हणून ती ओळ बागेत लावली. माझ्याकडे तीन शिक्के आहेत: रोप, वाढतंय, मुरलेलं. हिला 'रोप' लावला.

मित्र भडकला. "आधी शोध घे, मग लिही. वाचकाला कच्चं वाढायचं नसतं." वर जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमानचा दाखला दिला: त्याच्या टिपणांच्या पेटीत नव्वद हजारांच्या आसपास चिठ्ठ्या होत्या, पण त्याने लोकांपुढे ठेवली ती पुस्तकं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही.

उत्तर वर्षभराने आलं, एका आजोबांच्या मेलमधून. मोटेच्या दोरांवरच्या टिपणात मी 'सोल म्हणजे वजन उचलणारा जाड दोर' असं लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं, "तुमचं उलटं झालंय. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो. सोल बारीक, तो मोटेच्या निमुळत्या सोंडेला असतो आणि खालच्या कण्यावरून येतो. सोल हातभर जरी लांब झाला तरी सोंड लोंबते आणि पाणी वरच्या थारोळ्यात, म्हणजे कुंडात, पडायच्या आधीच विहिरीत सांडतं." सोबत चित्राचा फोटो. कॅलेंडरच्या पानामागे निळ्या पेनाने काढलेलं. बैल म्हणजे नुसते दोन चौकोन, पण सोंडेची घडी, कणा, धावेचा, म्हणजे बैलांच्या वाटेचा, उतार सगळं जागच्या जागी. त्यांनी स्वतः मोट हाकली होती. मी ते टिपण 'पूर्ण' होईपर्यंत वहीत ठेवलं असतं तर ते चुकीचंच पूर्ण झालं असतं. आज ते दोन पानांचं आहे. चुकलेली ओळ मी पुसली नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी दुरुस्तीची तारीख घातली आहे. तुम्हीही तसंच करा.

मराठीत लिहिणार असाल तर एक अडचण हमखास येईल, आणि इंग्रजीत लिहिणारे ती सांगणार नाहीत. टिपणाचं नाव 'विहीर' असतं आणि मजकुरात येतं 'विहिरीत', 'विहिरींवर'. ॲपला ही एकाच शब्दाची रूपं आहेत हे कळत नाही, त्यामुळे आपोआप सुचणारे दुवे निम्मे हुकतात. प्रत्येक टिपणाला उपनावं देता येतात, तिथे सामान्यरूपं भरा. 'ॲ' सुद्धा दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सारखाच, पण शोधात एक सापडतो तर दुसरा नाही. कुठला तरी एक धरा. फाइलचं नाव मात्र रोमनमध्ये ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका अक्षरचिन्हाची नऊ चिन्हं होतात आणि दुवा वीतभर लांबतो.

आता मित्राची बाजूही सांगायला हवी. माझं एक 'रोप' कुठल्याशा शाळेच्या स्मरणिकेत खात्रीची माहिती म्हणून छापून आलं. शिक्का पानाच्या तळाशी होता, कुणी तिथवर वाचलंच नाही. त्याने फोन केला, नुसतं "बघ" म्हणाला. तेवढ्यापुरतं त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून शिक्का पहिल्याच ओळीत असतो. आणि घरच्यांच्या गोष्टी, दुसऱ्यांची नावं बागेत आणू नका. गिटहबवर खोडलेलंही जुन्या आवृत्त्यांत राहतं. आजोबांनी नाव नको म्हटलं होतं, म्हणून ते कुठेच नाही.

बारा की पंधरा, ते टिपण अजून रोपच आहे. मित्राकडे बारवांवरच्या चार वह्या आहेत. दर उन्हाळ्यात तो कुठे ना कुठे पायऱ्या मोजत उतरतो, मापं घेतो, लिहून ठेवतो. माझ्यापेक्षा त्याचं काम कितीतरी नेटकं आहे. त्या वह्या मी आजवर फक्त बाहेरून पाहिल्या आहेत.