सॉफ्ट लाइटचं वेड आहे, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला सिनेमॅटोग्राफर व्हायचंय. खिडकीतून येतो तसा मऊ, पसरलेला प्रकाश मला फार आवडतो. मित्रांच्या लघुपटात मी एलईडीवर डिफ्यूजन पेपर (उजेड पसरवणारा अर्धपारदर्शक कागद) चिकटवला, तरी चेहऱ्यावर सावल्या टोकदारच आल्या. सगळे हसले. पदवी सोडून सरळ कोर्सला जाऊ का? की आधी एखादा चांगला सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायचा, उजेड मऊ करणारा पांढऱ्या पडद्याचा डबा) घेऊ? का माझ्याकडे ती नजरच नाही?

उत्तर : नजरेचं नंतर बघू. तुझा पेपर चुकीच्या जागी होता, एवढंच झालंय.

चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर प्रकाशाचा उगम केवढा दिसतो, यावर त्याचा मऊपणा ठरतो. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण आपल्याला तो आकाशात जेमतेम अर्धा अंश दिसतो, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी पडते. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं. तू कागद दिव्याच्या तोंडाला चिकटवलास, म्हणजे उगम होता तेवढाच राहिला, फक्त उजेड घटला. तोच कागद चार बाय चार फुटांच्या फ्रेमवर ताण, फ्रेम चेहऱ्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ने आणि दिवा मागे सरकवत जा, फ्रेम काठोकाठ उजळेपर्यंत. मग नाकाची सावली बघ, तिची कड विरघळलेली असेल. डोळ्यातला चमकता ठिपकाही बघ. तो आता फ्रेमच्या आकाराचा दिसेल. कुणाचंही काम पाहताना त्या ठिपक्यावरून उगमाचा आकार ओळखायची सवय लाव, फुकटची शाळा आहे ती.

तेव्हा सॉफ्टबॉक्स घेऊ नकोस. पांढरी चादर, थर्माकोल आणि काळं कापड एवढ्यावर वर्षभर शिकता येईल. काळ्या कापडाचं महत्त्व नवख्यांना उशिरा कळतं. मऊ प्रकाश करणं सोपं, आवरणं अवघड. तो भिंतीवर सांडतो, छतावर सांडतो, पार्श्वभूमी आणि चेहरा एकाच पातळीवर आणून ठेवतो आणि चित्र सपाट होतं. मग लोक सॉफ्ट लाइटलाच नावं ठेवतात. मऊपणा वेगळा आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद भागांतला फरक, वेगळा. फ्रेम बाजूला लाव, दुसऱ्या गालाजवळ काळं कापड धर; सावलीची कड मऊच राहील, पण अर्धा चेहरा गडद होईल. हे ज्याला जमतं त्याला काम मिळतं. नुसता ‘सॉफ्ट लुक’ आता कुणीही देतो.

पदवी सोडू नकोस, हे मी स्पष्टच सांगतो. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), हे तुला वर्गात आधीच शिकवलंय. सेटवर लोक तेच वर्षानुवर्षं अंदाजाने शिकतात. चित्रपटशाळेचा विचार पदवीनंतर कर. तिथे प्रमाणपत्रापेक्षा बरोबरीने काम करणारी माणसं मिळतात, ती पुढे उपयोगी पडतात.

सुट्टीत मात्र सेटवर जा. वाटा दोन आहेत. कॅमेऱ्याकडून गेलीस तर सहाय्यक, फोकस पुलर (चित्र स्पष्ट ठेवणारा), ऑपरेटर अशी चढण आहे. लाइटकडून गेलीस तर आधी दिवे उचलणं, मग गॅफर, म्हणजे लाइट विभागाचा प्रमुख. कॅमेऱ्याच्या वाटेला मान जास्त, पण तुझी ओढ पाहता मी तुला लाइट विभागच सुचवेन. काम अंगमेहनतीचं आहे. बाहेर वारा सुटला की बारा बाय बाराचं कापड शिडासारखं फुगतं; ते दोर आणि वाळूच्या पिशव्यांनी नीट बांधलेलं नसेल तर स्टँडसकट माणसावर कोसळतं. विजेची सुरक्षितताही इथेच अंगवळणी पडते.

कुणी घेतच नाही, अशीही वेळ येईल. सत्यजित राय यांचे सिनेमॅटोग्राफर सुब्रत मित्र यांना सुरुवातीला फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वारच्या चित्रीकरणात काम मिळालं नाही, तेव्हा ते निरीक्षक म्हणून जात राहिले आणि प्रकाशयोजनेची रेखाटनं करत राहिले. पुढे राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. तिथे आकाशातून झिरपणारा उजेड हवा म्हणून त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश त्यावर आपटून खाली आणला. बाउन्स लाइटिंगची गोष्ट निघाली की आजही त्या अंगणाचं नाव निघतं.

तूही वही कर. एकच चेहरा, एकच दिवा आणि तीन चौकटी : कडक, मऊ आणि सपाट, मऊ पण गडद. प्रत्येकीखाली दिवा, फ्रेम, चेहरा यांतली अंतरं आणि वरून दिसणारा नकाशा काढ. गॅफरकडे काम मागायला जाशील तेव्हा शोरीलच्या (निवडक कामाच्या चित्रफितीच्या) आधी ही पानं दाखव. सावली कुठून आली हे तुला सांगता येतं का, एवढंच तो बघणार आहे.