डोकी मोजण्याआधी हंडे मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चिडले, म्हणून चार दिवस थांबून लिहितेय. आपल्या शहापूर तालुक्याच्या पाणीटंचाईच्या अहवालात ‘मुख्य कारण : लोकसंख्यावाढ’ असं लिहा म्हणून तुझे सर मागे लागलेत, तर लिहू का, असं विचारतेस. आणि त्याच कागदावर खाली, लग्नानंतर मूल होऊच द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलंय, कारण पृथ्वीवर माणसं फार झालीत. आई दोन दिवस जेवली नाही, तिला काय सांगू?

तुला हे दोन प्रश्न वाटतात. मला एकच दिसतो. दोन्हीकडे तू डोकी मोजलीस आणि तिथेच थांबलीस. हंडे मोजलेच नाहीस.

हे मी कुठे शिकले ते सांगते. तुझ्या आईलाही कधी बोलले नाही.

१९७६ साल. मी बावीस वर्षांची, उपकेंद्रावर नवी लागलेली नर्स. आणीबाणी चालू होती. महिन्याला नसबंदीच्या ठरलेल्या केसेस आणायच्या, नाहीतर पगार थांबायचा. त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. देशभरात त्या एका वर्षात ८० लाखांच्या वर ऑपरेशनं झाली. त्यातली काही माझ्या वहीतली.

आमच्या वाडीवरचा एक कातकरी. एक मुलगा, एक मुलगी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघायच्या आधी मी त्याला गाठलं. दोन झाली, पुरे की, म्हटलं. तो गप्प. मग, रेशनकार्डाला अडचण येईल, असंही म्हटलं. तसं बोलायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. केस झाली, माझा पगार निघाला. वडील नव्हते, घरी दोन लहान भावंडं होती. मी कुणाला दोरीने बांधून आणलं नाही, समजावून आणलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, आणि अजूनही कधीकधी सांगते. बावीस वर्षांच्या पोरीने तेव्हा दुसरं काय करायचं होतं, हा माझा प्रश्न आजही खरा आहे. पण रेशनकार्डाचं वाक्य माझंच होतं.

पुढच्या आषाढात वाडीवर जुलाब-उलट्यांची साथ आली. त्याची दोन्ही लेकरं आठवड्यात गेली. तेराव्यानंतर तो उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “बाई, आता परत जोडून द्या.”

मी त्याची मुलं मोजली होती. ती पाणी कुठलं पितात ते बघितलं नव्हतं. ओहोळात खणलेला डवरा होता, गुरं आणि माणसं त्याच पाण्यावर. माझ्या रजिस्टरला त्यासाठी रकाना नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही वाडीत गेले की आधी पाण्यावर जायचे. किती लांब, किती हंडे, कोण आणतं. मग घरात. यावरून बोलणी खाल्ली, दोनदा बदली झाली. तरी सोडलं नाही. डोकी मोजण्याआधी हंडे मोजायचे.

आणि तुझ्या सरांना हे सांग की घरागणिक मुलं कमी झाली तीही त्याच वाटेने. वाडीवर हातपंप बसला, लसी नियमित पोचायला लागल्या, मीठ-साखरेचं पाणी बायांच्या हाताला आलं, पोरं जगायला लागली. आधी बाया म्हणायच्या, “सहा होतात तेव्हा तीन राहतात, सिस्टर.” पुढे त्याच बायांच्या मुली आपण होऊन यायच्या, तांबी बसवा म्हणून. १९९६ मध्ये सरकारनेच टार्गेटं काढून टाकली, तरी माझ्याकडे येणाऱ्या बाया कमी झाल्या नाहीत. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती, देशात २. (पुरुष मात्र त्या आणीबाणीनंतर जे पळाले ते परत आलेच नाहीत. त्याच पाहणीत देशातल्या शंभर विवाहित स्त्रियांपैकी ३८ जणींनी ऑपरेशन केलेलं, आणि नवऱ्याची नसबंदी शंभरात अर्धी पण नाही, ०.३. याचा राग माझ्या मनातून जाणार नाही.)

माणसं वाढलीच नाहीत असं मी म्हणत नाही. १९७१ ला आपण ५४.८ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी. त्यातल्या कितीतरी नाळा मी कापल्यात, तुझीसुद्धा. आणि वाढ अजून थोडी चालेल. माझं पात्र जोडप्यांचं, म्हणजे मूल होण्याच्या वयातल्या नवरा-बायकोंचं, रजिस्टर शेवटपर्यंत जाडच होतं; एकेका नावापुढे दोनच मुलं, पण नावंच इतकी. आधीच्या पिढीतली लेकरं लग्नाची झाली होती. त्याला त्या पोरी काय करणार?

पण टंचाईचं कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवशील तर खबरदार. भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं आपल्या तालुक्यात नाहीतर शिवेवर आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आज मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. आणि एप्रिल उजाडला की त्याच भातसाच्या आसपासच्या पाड्यांवर टँकर. सरकारी हिशेबातच खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर आणि शहरातल्याला १३५. मे महिन्यात पाड्यावर ते ५५ सुद्धा कागदावरच. ज्या घरात सात माणसं तीन हंड्यांवर दिवस काढतात, त्या घराने धरण आटवलं असं तू लिहिणार आहेस का? आपल्याच माणसांबद्दल?

सर गुण कमी देतील. देऊ देत. पाड्याची डोकी लिही, शेजारी हंडे लिही, आणि त्याच्या शेजारी पाइपलाइनने जाणारं पाणी लिही. तीन रकाने. मग कारण काय ते ज्याचं त्याने वाचावं.

आता मुलाचं. मूल हवं की नको हे तुझ्या मनाने ठरव. नको असेल तर नको, पन्नास वर्षं मी बायांच्या त्याच हक्कासाठी झटले, तुझ्या आईला मी समजावते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हापासून हे भांडण बाईच्या शरीराचं आणि तिच्या मर्जीचं आहे. पण पृथ्वीवर उपकार म्हणून मूल नाकारू नकोस. तूच पाठवलेल्या तक्त्यात आहे की, एका भारतीयामागे वर्षाला दोनेक टन कार्बन डायऑक्साइड, एका अमेरिकनामागे चौदा-पंधरा. मूल जन्माला घातलं नाहीस आणि उद्या दोन गाड्या, तीन एसी आणि शॉवर असलेल्या घरात राहिलीस, तर तुझे हंडे कोण मोजणार? मी मोजेन.

चिडून लिहिलं गेलं, राहू दे. तुझ्या पत्रात तू झोप लागत नाही म्हणालीस, तेवढं वाचून जीव कळवळला माझा. तू मनापासून विचार करतेस म्हणूनच एवढं लिहितेय.

अहवाल द्यायच्या आधी ये. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, कसारा लोकल पकड, आसनगावला उतर, मी स्टेशनबाहेर असेन. रात्री माझ्याकडे राहा, कारण विहिरीवर पहाटे चारला जावं लागतं, उशीर झाला तर तळाचं गढूळच मिळतं. प्रश्नावली आणू नकोस, बाया वैतागल्यात त्यांना. चुंबळ मी देते. हंडा तुला पेलणार नाही, कळशी घे.

तुझी,
सिस्टर आजी