संत फ्रान्सिसची अर्धीच गोष्ट

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. कापसाचा चुकारा १,२०,००० रुपये आला. मागेल त्याला देऊन यजमानांनी त्यातले १८,००० संपवले. वेचणीचे १४,०००, कृषी केंद्राची उधारी २६,००० आणि पीक कर्जाचे ४०,००० अजून बाकी आहेत. यजमान चर्चच्या गरीब-मदत निधीचे खजिनदार; निधीचे पैसे घरखर्चाच्याच डब्यात असतात. त्यातलेही ३,००० त्यांनी कुणाला न विचारता शेजाऱ्याच्या दवाखान्यासाठी दिले. ताई काही बोलल्या की म्हणतात, "संत फ्रान्सिसने सगळंच दिलं होतं." ताई विचारतात, मी कंजूष आहे का?

ताई, तुम्ही कंजूष नाही. यजमानांचं मन मोठं आहे, ते तसंच राहू द्या. पण फ्रान्सिसची गोष्ट ते अर्धीच सांगतात.

इटलीतल्या असिसीच्या या फ्रान्सिसने बापाच्या दुकानातलं कापड घोड्यावर लादलं, फोलिन्योच्या बाजारात कापड विकलं, घोडाही विकला आणि पैसे सान दामियानोच्या पडक्या चर्चच्या धर्मगुरूपुढे ठेवले. धर्मगुरूंनी ते घेतले नाहीत. फ्रान्सिसने ते तिथल्या खिडकीत टाकून दिले. पुढे, १२०६ च्या सुमारास, बाप तक्रार घेऊन बिशप ग्वीदोंकडे गेला. बिशपांनी फ्रान्सिसला सांगितलं, पैसे बापाचे आहेत, परत कर. देवाच्या कामासाठी दिलेले असले तरी परत कर. फ्रान्सिसने पैसे दिले, अंगावरचे कपडेही उतरवून दिले. शिवाय त्याच्यामागे बायको-लेकरं नव्हती.

आता तुमचा चुकारा बघा. ८०,००० तर दुसऱ्यांचेच आहेत. बियाणं-खताला १५,००० धरा. म्हणजे द्यायला-ठेवायला तुमचे म्हणावे असे २५,००० होते. त्यातले १८,००० गेले, उरले ७,०००. हे आकडे वहीत लिहून यजमानांपुढे ठेवा, पण अंगणात मागणारा उभा असताना नको. रात्री जेवणं झाल्यावर, दोघंच असताना. वेचणाऱ्या बायांचे पैसे उद्याच चुकते करा. त्यांची मजुरी अडवून केलेलं दान मला दानच वाटत नाही. मग कृषी केंद्र, मग कर्ज. मुदत टळली तर व्याजाची सवलत हातची जाते.

पुढच्या हंगामापासून देणी आणि बियाण्याचे पैसे बाजूला काढून जे उरेल, त्याचा दहावा भाग दानाचा, असं दोघांनी आधीच ठरवा. यंदाच्या हिशेबाने २,५०० झाले असते. ते संपले की रोख बंद. मात्र मदत बंद करू नका. हंगेरीची संत एलिझाबेथ यात माझी फार आवडती. तिचा नवरा जर्मनीतल्या थुरिंगियाचा राज्यकर्ता. १२२६ च्या दुष्काळात तो इटलीत असताना तिने तिथली कोठारं उघडली. पण सुगी आली तेव्हा धडधाकट माणसांना तिने विळे दिले आणि पायात खुंट टोचू नयेत म्हणून जोडेही दिले. नवरा परतल्यावर कारभाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा तो तिच्या बाजूने उभा राहिला. तुमच्याकडे डवरा आहे, बैलजोडी आहे. ती दोन दिवस देणं ही मोठी मदत आहे. दवाखान्यासाठी कुणी मागितलं तर चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात स्वतः पैसे भरा. उसने दिले तर तारीख लिहा; परत येणार नाहीत असं वाटत असेल तर दान म्हणूनच द्या आणि विसरा.

निधीचं मात्र ताबडतोब बघा. १६१७ मध्ये फ्रान्समधल्या शातियों गावी संत विन्सेंट दी पॉल यांनी एका आजारी कुटुंबासाठी प्रवचनात मदत मागितली. लोकांनी एकाच दिवशी इतकं अन्न नेलं की ते नासणार आणि ते घर पुन्हा उपाशी राहणार, हे त्यांना दिसलं. त्यांनी गावच्या बायांचं मंडळ केलं, पाळ्या लावल्या, खजिनदार नेमली, हिशेब ठेवायला लावला. तुमच्याकडे गडबड होते ती निधी आणि घरखर्च एकाच डब्यात असल्यामुळे. डिझेलला पाचशे काढले, उद्या टाकू म्हटलं, आणि उद्या मजूर दारात येतात. निधीचा डबा वेगळा करा. शक्यतो दोघांच्या सहीचं बँक खातं उघडा. पैसे मोजताना दुसरा माणूस हवा, दिलेल्या प्रत्येक रकमेपुढे घेणाऱ्याची सही, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सानंतर जमाखर्च वाचून दाखवायचा.

ते ३,००० रुपये यजमानांनी स्वतः फादरांना आणि समितीला सांगावेत. शेजारी खरोखर गरजू असेल तर समिती खर्चाला मंजुरी देईल, तशी नोंद करून घ्या. नाही दिली तर उरलेल्या ७,००० मधून भरा. तेही आत्ता जमत नसेल, तर तुरीचे पैसे आल्यावरची तारीख लिहून द्या.