जर्मनीतलं सेमिस्टर संपताना आभार कसे मानावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या कॉलेजातून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला आलात, जुलैअखेर परतायचंय. प्राध्यापक, इंटरनॅशनल ऑफिस, बडी (म्हणजे मदतीला जोडून दिलेला तिथला विद्यार्थी) आणि फ्लॅटमेट या सगळ्यांनी भरपूर केलं. त्यांचे आभार कसे मानायचे आणि भेट काय द्यायची?

आधी तारखांकडे बघा. उन्हाळी सेमिस्टर बहुतेक विद्यापीठांत कागदोपत्री 30 सप्टेंबरला संपतं, पण तास जुलैच्या मध्यापासून अखेरीपर्यंत कधीतरी बंद होतात आणि मग विभागात चिटपाखरू दिसत नाही. प्राध्यापकांना भेटायचं असेल तर शेवटच्या तासाच्या आठवड्यातली श्प्रेखश्टुंडं, म्हणजे त्यांची भेटीची वेळ, मेल करून आधीच मागून ठेवा.

प्राध्यापकांना वस्तू देऊ नका. सरकारी विद्यापीठातले बरेचसे प्राध्यापक तिथे सरकारी अधिकारी असतात आणि पदामुळे मिळणाऱ्या भेटी घ्यायला त्यांना कायद्याने मनाई आहे. पैठणीचा स्टोल किंवा चांदीचा गणपती पाहून ते खूश होण्याऐवजी अडचणीत येतात, आणि ग्रेड लागायच्या आत दिलात तर जास्तच. इंटरनॅशनल ऑफिसलाही हेच लागू. त्यापेक्षा एक पत्र द्या, पण नेमकं. ‘आपलं मार्गदर्शन अमूल्य होतं’ हे कोणीही कोणालाही लिहू शकतं. कोणता कोर्स, त्यातला कोणता प्रश्न किंवा शेरा, त्यामुळे तुमच्या कामात काय बदललं आणि परत गेल्यावर ते कुठे वापरणार, एवढं पाच-सहा वाक्यांत बसतं. संबोधन त्यांच्याच मेलवरून उचला: ते ‘लीबे’ (प्रिय) लिहीत असतील तर तुम्हीही तेच लिहा, ते ‘ज़ेअर गेएर्टे’वर (माननीय) असतील तर तुम्हीही तिथेच थांबा.

आभाराच्या पत्रातच शिफारसपत्र मागू नका. मागितलंत की आधीचं सगळं प्रास्ताविक वाटतं. ती विनंती वेगळ्या मेलने, तीन-चार आठवडे हातात ठेवून, सीव्ही जोडून करा. पत्राखाली तुमचा कायमचा ईमेल पत्ता लिहा, कारण नाव कमी झाल्यावर काही काळाने विद्यापीठाचा मेल बंद होतो आणि त्यांचं उत्तर तुमच्यापर्यंत पोचत नाही.

बडी आणि फ्लॅटमेट यांच्यासाठी मात्र खाऊसारखं दुसरं काही नाही. घरून पेढे-बर्फी मागवायचा विचार असेल तर सोडा. युरोपियन युनियनबाहेरून सामानात किंवा पार्सलने दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, तुपाचा डबाही त्यातच आला. बेसनाचे लाडू तिथेच करा, सगळं सामान मिळतं. 500 ग्रॅम बेसन भारतीय किंवा तुर्की दुकानात, आणि तुपाच्या जागी कुठल्याही सुपरमार्केटातलं 250 ग्रॅम बुटरश्माल्त्स. पिठीसाखर म्हणजे पुडरत्सुकर 300 ग्रॅमच घ्या. आपल्याकडे 400 घालतात, पण तिकडच्या जिभेला ते फार गोड होतं. वेलची मात्र हात आखडता न घेता घाला. मंद आचेवर निदान 25-30 मिनिटं भाजा; खमंग वास आला आणि तूप कडेने सुटलं की झालं. तिथे मिळणारं बेसन बहुधा बारीक असतं आणि लाडू टाळूला चिकटतो. म्हणून भाजणं संपताना चमचाभर दुधाचा हबका मारा, मिश्रण फसफसून दाणेदार होतं. साखर कोमटावर घाला, गरम असताना घातलीत तर मिश्रण सैल पडून लाडू वळत नाहीत. 30 च्या आसपास होतात. भाजताना खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, नाहीतर पॅसेजमधला धुराचा अलार्म अख्ख्या मजल्याला बाहेर काढेल.

डब्यावर घटकांची चिठ्ठी लावा: दूध, आणि काजू घातले असतील तर काजू. ॲलर्जीचा प्रश्न तिथे गांभीर्याने घेतला जातो. ग्लुटेन टाळणाऱ्यांना बेसन चालतं. व्हीगन मित्रासाठी थोडे दुधाचा हबका न मारता नारळतेलात करा, पण ते 24-25 अंशांलाच वितळतं, म्हणून फ्रिजमधूनच द्या. उलट तुम्हाला भेट मिळाली तर ती लगेच, देणाऱ्यासमोर उघडा. घरी जाऊन बघू म्हणून पिशवीत टाकलीत तर आवडली नाही असा अर्थ निघू शकतो.

फ्लॅटमेटच्या बाबतीत लाडवांपेक्षाही, माझ्या मते, मागे काही थकवून न जाणं महत्त्वाचं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, रुंडफुंकबायट्राग, दर घरामागे महिना 18.36 युरो असते आणि ती एकाच्याच नावावर असते. ते नाव तुमचं असेल तर पत्त्याची नोंद रद्द केल्याने ती आपोआप बंद होत नाही, वेगळी रद्द करावी लागते आणि पुढे कोणाच्या नावावर जाणार हे ठरवावं लागतं. नाव दुसऱ्याचं असेल तर आपला वाटा शेवटच्या महिन्यापर्यंत द्या. पत्त्याची नोंद घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी किंवा सोडल्यावर दोन आठवड्यांत रद्द करायची असते, यालाच आबमेल्डुंग म्हणतात. त्याचा दाखला जपा, वर्गणीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे तोच मागतात. खोली सोडताना भिंती, मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत यायला महिने लागू शकतात, तोवर बँक खातं चालू ठेवा.

राहिलं इंटरनॅशनल ऑफिस. त्यांना खरोखर उपयोगी पडतो तो अनुभव-अहवाल, एरफारुंग्सबेरिश्ट. बरेच जण ‘अविस्मरणीय अनुभव’ लिहून मोकळे होतात. तुम्ही खोलीचं भाडं, डिपॉझिट, कोणता कोर्स इंग्रजीत म्हणून जाहीर होऊन जर्मनमध्ये शिकवला गेला, किती क्रेडिट पुण्यात धरले गेले आणि कोणते नाकारले, हे लिहा. क्रेडिटचा निकाल ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथलं गुणपत्रक, आल्यावरच कळतो आणि त्याला परतल्यानंतर काही आठवडे लागतात, म्हणून तेवढा परिच्छेद नंतर पाठवतो असं आधीच सांगून ठेवा.