नको असलेलं गिफ्ट कार्ड ऑनलाइन विकलं तर काय धोका आहे?

तुम्ही विचारलंय की दिवाळीला कंपनीनं ५,००० रुपयांचं गिफ्ट कार्ड दिलं, निपाणीत त्या ब्रँडचं दुकान नाही, आणि फोनवरच्या एका ग्रुपवर ४,५०० ला घेणारा मिळालाय, तर विकू का?

विकू नका. ओळखीच्या माणसाला द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण ग्रुपवरच्या अनोळखी माणसाला नको. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काम करतो. आमच्याकडेही बोनसबरोबर अशी कार्डं वाटतात आणि दर दिवाळीनंतर कुणीतरी फसतोच. एकदा मीही फसलोय.

माझं कार्ड कपड्यांच्या शोरूमचं होतं, ३,००० रुपयांचं. घेणारा स्वतःला पुण्याचा म्हणवत होता, बोलणं अगदी अदबीचं, प्रत्येक वाक्यात दादा. म्हणाला, "दादा, पिन खरवडलेला नाही ना, मग कार्ड चालू आहे हे मला कसं कळणार? खरवडून फोटो पाठवा, शेवटचे दोन आकडे झाका." मला ते पटलं. एक रुपयाच्या नाण्यानं चंदेरी पट्टी खरवडली, दोन आकड्यांवर अंगठा ठेवून फोटो काढला. तो म्हणाला, अंधुक आलाय, परत पाठवा. दुसरा फोटो काढताना अंगठा जरासा सरकला आणि झाकलेल्यातल्या एका आकड्याचं डोकं दिसलं. गोल डोकं. म्हणजे ० नाहीतर ८ नाहीतर ९. आता हिशोब करा. सहा आकड्यांच्या पिनमधले दोन झाकले तरी उरतात फक्त शंभर शक्यता, आणि त्यातला एक ह्या तिघांपैकीच आहे हे कळलं की उरतात तीसच. अर्ध्या तासात कार्डावर शून्य आणि त्याचा नंबर बंद. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, "बरोबर पिन टाकून खरेदी झाली आहे, आम्ही काही करू शकत नाही."

हातातलं प्लास्टिक म्हणजे नुसतं वेष्टन. पैसे आकड्यांत असतात आणि आकडे ज्याला कळले, कार्ड त्याचं. जुनी सायकल विकली तर ती तुमच्या दारातून जाते, परत तुम्हाला चालवता येत नाही. कार्डाचे आकडे मात्र देणाऱ्याकडेही राहतात आणि घेणाऱ्याकडेही जातात. त्यामुळे घेणाऱ्याला तुमची भीती, तुम्हाला त्याची. कुणीतरी एकानं आधी विश्वास टाकावा लागतो, आणि जो टाकतो तो बुडू शकतो. वर बहुतेक कार्डांच्या अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे विकता येणार नाही. त्यामुळे भांडण झालं की कंपनी मध्ये पडत नाही. एकाच दुकानाचं, त्याच दुकानात चालणारं कार्ड असेल तर त्याला रिझर्व्ह बँकेची मंजुरीच लागत नाही. बँकेनं काढलेलं गिफ्ट कार्ड असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ते जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं, त्यातून रोख काढता येत नाही आणि दुसऱ्या खात्यात पैसेही पाठवता येत नाहीत.

पण ३,००० गेले तर माणूस दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तुमचा गिऱ्हाईक जर खरोखर पैसे देणारा असेल तर तीच तुमच्या वाट्याला येऊ शकते.

माझा मावसभाऊ चिक्कोडी भागात नोकरीला आहे. त्यानं ५,००० चं कार्ड ४,६०० ला विकलं. पैसे आधी खात्यात आले, मगच त्यानं कोड दिला. माझ्यापेक्षा शहाणपणानं वागला म्हणायचं. पंधरा दिवसांनी पेट्रोल पंपावर स्कॅन केलं तर पेमेंट होईना. तीनदा केलं, मागे रांग, शेवटी ओळखीच्या पोरानं रोख दिली. दुसऱ्या दिवशी बँकेत कळलं की खातं गोठवलंय. परराज्यातल्या कुणाला तरी ऑनलाइन लुबाडलं होतं, आणि त्या पैशांतले ४,६०० फिरत फिरत ह्याच्या खात्यात आले होते. पगाराचं खातं, त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता जायचा. तो चुकला, दंड बसला. बँक म्हणते आमच्या हातात नाही, तक्रार जिथे झाली त्या पोलीस ठाण्याशी बोला. ते ठाणं हजार मैलांवर. खातं सुटायला जवळजवळ चार महिने गेले. तेवढे दिवस मावशीच्या घरात वातावरण कसं होतं ते मी पाहिलंय. काहीही न करता माणूस स्वतःच्या घरात मान खाली घालून वावरत होता.

असं का होतं? चोरलेला पैसा बँकेच्या खात्यात राहिला तर पोलीस तो अडवू शकतात. म्हणून चोराला तो पटकन दुसऱ्या रूपात हवा असतो, आणि गिफ्ट कार्डासारखं सोपं रूप नाही. तुम्हाला तो चोरीचे पैसे देतो, तुमच्याकडून स्वच्छ कोड घेतो, त्यावर मोबाईल घेऊन मोकळा होतो. मागे राहतं ते तुमचं नाव. म्हणूनच, घासाघीस न करता लगेच पैसे टाकणारा गिऱ्हाईक मला सगळ्यात जास्त संशयाचा वाटतो.

बाकीचे प्रकार तुम्हाला माहीत असतील. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट येतो; मेसेजवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "बॅलन्स इथे तपासा" म्हणून कुणी लिंक पाठवली तर उघडू नका, कार्डाच्या मागे छापलेल्या पत्त्यावरच तपासा.

मग कार्डाचं करायचं काय? आमच्याकडे आता एक रीत पडलीय. ज्याला त्या दुकानातून काही घ्यायचंय त्याच्याबरोबर आपण स्वतः जायचं, बिल आपल्या कार्डानं भरायचं, रोख तिथेच हातात घ्यायची. आकडे कुणाला सांगायचेच नाहीत. निपाणीहून कोल्हापूरही जवळ आणि बेळगावही. लग्नसराईत बस्त्याला जाणारं एखादं घर तुमच्या गल्लीत नक्की सापडेल. कार्ड ऑनलाइन चालणारं असेल तर आधी ते आपल्याच खात्यात जमा करून टाका, आणि शेजाऱ्यांचा मिक्सर नाहीतर पोरांचं दप्तर तुमच्या खात्यावरून मागवा. वस्तू परत केली तर पैसे रोख मिळत नाहीत, बहुतेक वेळा कार्डाच्या शिलकीतच येतात, हे त्यांना आधी सांगा. मुदत मात्र आजच बघून ठेवा.

आणि कोड आधीच गेला असेल तर वेळ घालवू नका. १९३० ला फोन लावा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा, आणि कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवून शिल्लक थांबवायला सांगा. चॅट रागानं डिलीट करू नका. भावाचं खातं सुटलं ते चॅट आणि ऑफिसनं कार्ड दिल्याचा ईमेल दाखवल्यावर. फसवणारा महाराष्ट्रातला असला तरी तिकडे जायची गरज नाही. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं, पोलीस ठाणं आहे. तिथे तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. आपल्यापैकी अनेकांना बोलता येतं पण वाचता येत नाही, तेव्हा सही करण्याआधी ती वाचून दाखवायला सांगा, किंवा कन्नड शाळेत शिकलेलं घरातलं एखादं पोर बरोबर न्या. माझ्या वेळी पुतणी आली होती. कार्डाचा एक आकडा चुकीचा पडलाय हे तिनंच पकडलं.